अर्थिंगचं पाणी

छावणीतली ती जागा मी भांडून घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी चेअरमनला, लाईटवाल्यांना, सगळ्या जगाला शिव्या घातल्या. पण ती जागा मला कुणी गळ्यात मारली नव्हती. मी हिसकून घेतली होती.

साल दुष्काळाचं. आमचं गाव तेलगावपासून आत, डोंगराच्या अंगाला. खरिपाचं हाती काही आलं नाही, रब्बी पेरलीच नाही, आणि संक्रांतीनंतर विहिरीत वाकून बघायचंसुद्धा लोकांनी सोडून दिलं. मग तालुक्यातल्या सहकारी दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली. चारा संस्थेचा, पाणी टँकरचं, आणि जनावरापाशी माणूस मात्र घरचं. सकाळ-संध्याकाळ हजेरी व्हायची. दावणीपाशी घरचं माणूस दिसलं नाही तर दोनदा सोडून द्यायचे, तिसऱ्यांदा जनावरांच्या कानातले बिल्ले काढून घ्यायचे. बिल्ला गेला की चारा गेला.

आमच्या दोन गाई आणि एक म्हैस. आमचे मालक ऊसतोडीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेलते. नवरा-बायको जोडीनं गेले की पुरा कोयता. मी गेले नाही म्हणून ते अर्धे. कारखाना बंद झाल्यावर ते तिकडंच एका वीटभट्टीवर राहिले, कारण घरी येऊन तरी काय करणार? आणि मी गेले नाही, कारण मला दिवस गेले होते. आदल्या खेपेला मी फडात गेलते, डोक्यावर मोळ्या वाहिल्या, आणि सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगा होता. म्हणून ह्या वेळी माझ्या सासूनं, म्हणजे आत्याबाईनं, मुकादमाच्या तोंडावर सांगितलं, "ही न्हाई येणार. माज्या लेकाला तुमी अर्धा म्हणा न्हाईतर पाव म्हणा."

तर छावणीत आम्ही दोघीच. मी आणि आत्याबाई. मला सहावा लागलेला.

जागा वाटायच्या दिवशी सगळ्यांना एकच जागा पाहिजे होती, पाण्याच्या हौदाजवळची. चेअरमननं ती आपल्या भावकीतल्या लोकांना लिहिली होती, आणि आमची चार-पाच बौद्धांची घरं पार माळाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या खदानीपाशी. तिथून हौदापाशी हाक मारली तरी ऐकू जायची नाही. माझं माहेर शिरूर कासारकडचं, तिकडच्या बायांचा आवाजच मुळात मोठा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चेअरमन सायेब, पोटुशी बाई खदानीपसून हौदापतूर घागरी वाहणार, आन चार-चार गडी असलेली माणसं हौदाला पाय लावून बसणार व्हय? कावून? आमच्या म्हशी पाणी पीत न्हाईत का?" लोक हसले. एक-दोन म्हातारे माझ्या बाजूनं बोलले. चेअरमनचा चेहरा पडला, आणि त्यानं आमचं नाव हौदापाशी लिहून टाकलं. मी तिथं जाऊन असा खुंटा ठोकला की काय सांगू. चार दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

वर बघायचं मला सुचलंच नाही. हौदाच्या बरोबर डोक्यावरून हायटेन्शनच्या तारा गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना लोखंडी टावर, आणि मधी आमची दावण. तिथं कुणी शेड बांधू देत नाही, झाड वाढू देत नाही, म्हणून तो पट्टा मोकळा. आणि मोकळा म्हणून संस्थेनं हौद तिथं बांधला. दिवसभर वरून गुणगुण यायची. पहाटे गारव्याला ती जास्त ऐकू यायची. आत्याबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "डोस्क्यावर मोहोळ बसल्यावानी वाटतंय गं." मी म्हणाले, "मोहोळ असू दे न्हाईतर काय असू दे, पाणी तर जवळ हाय."

सावलीसाठी संस्थेनं बाभळीच्या मेढी रोवून त्यांच्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी तार ओढली होती. तिच्यावर हिरवी जाळी, पोती, ज्याला जे मिळेल ते टाकलेलं. ही तार वरच्या तारांच्या खालून, त्यांच्याच रोखानं गेली होती. ह्याला काही अर्थ असतो हे तेव्हा कुणाला माहीत असणार?

पाचव्या दिवशी मी आत्याबाईचं ओलं लुगडं त्या तारेवर टाकायला गेले आणि हाताला मुंग्या आल्या. मला वाटलं, गरोदरपणात येतात तशा. दुसऱ्या दिवशी परत. मग आमच्या गाईनं ओलं नाक तारेला लावलं आणि ती अशी उडाली की दाव्यासकट खुंटा उपटला. तेव्हा मला उमगलं. मुंग्या माझ्या अंगातल्या नव्हत्या, तारेतल्या होत्या. आणि तारेला तर कुठं वायर जोडलेली नव्हती! मग ही वीज आली कुठून?

त्याच आठवड्यात दिवेलागणीला संस्थेच्या दुधाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं एक खेळ केला. जळकी ट्यूबलाईट कुठून तरी आणली, आमच्या दावणीपाशी उभा राहिला आणि ती हातात धरून वर उचलली. ट्यूब फिकी फिकी पेटली. ना बटण ना वायर, नुसत्या हवेत. लोकांनी टाळ्या पिटल्या. तो म्हणाला, "बगा, फुकटची लाईट!" मी पोटावर हात ठेवून मागं सरकले. हवेतून काचेच्या नळीत जी वीज जाते, ती काय माझ्या पोटाला वळसा घालून जात असेल?

पुढं चारच दिवसांत शेजारच्या दावणीची गाय गाभडली, वासरू दिवस भरायच्या आधीच पडलं. जनावरांचा डॉक्टर येऊन म्हणाला, बुरशी लागलेल्या उसाच्या वाढ्यानं झालं, चारा बघून घाला. कुणी ऐकलं नाही. शेजारीण माझ्याकडं बघत बघत म्हणाली, "चारा समद्यांच्याच गाईंनी खाल्ला. तार हिच्याच डोस्क्यावर व्हती. ती तार पोटातलं वढून घेती, बया." बाई वाईट नव्हती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला सातवा लागायला आठ दिवस राहिले होते. पहिलं सातव्यातच गेलं होतं. मी बोटांवर दिवस मोजायला लागले. मूल जरा हललं नाही की घाबरायची, जास्त हललं की त्याहून घाबरायची. चिडचिड इतकी वाढली की म्हशीला काठी घातली, शेजारणीला बोलले, आत्याबाईला तर उठता बसता. बाकीच्या बायांनी टावरच्या पायाला लिंबू-मिरच्या बांधल्या, काळे दोरे बांधले. मीसुद्धा पदराचा काठ फाडून एक दोरा वळला. तो आत्याबाईनं माझ्या हातातून काढून घेतला. धर्म बदलला त्या वर्षी ती लहान होती. बापानं घरातले देव टोपल्यात घालून नदीला सोडलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. ती म्हणाली, "आपुन दोरे कवाच सोडले. आपल्याला कळत न्हाई तर कळणाऱ्याला इचारायचं."

आधी मी चेअरमनला विचारलं. मी म्हणाले, जागा बदलून द्या. तो खाटेवर बसला होता, उठलासुद्धा नाही. "भांडून कुणी घेतली? तूच ना? आता लाईन सरकवू का तुज्यासाटी? खदानीपाशी जागा हाय, जा तिकडं." बसलेली माणसं हसली, त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलले होते तेच म्हातारे. मी पाठ फिरवून दावणीकडं आले. 

इकडं आड तिकडं विहीर म्हणतात; आमच्याकडं तर दोन्ही कोरडी. घरी जावं तर बिल्ले जातात आणि जनावरं मरतात. खदानीपाशी जावं तर पाणी वाहावं लागतं, आणि ओझ्यानंच मागचं मूल गेलेलं. राहावं तर वर तारा.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर एसटीनं अंबाजोगाईला गेली. तिच्या बहिणीचा मुलगा तिथं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. नात्यानं माझा दीर. तो रविवारी स्कूटरवर आला, खिशात मोबाईलएवढं एक यंत्र घेऊन. चुंबकी क्षेत्र मोजायचं यंत्र म्हणाला. विजेच्या तारेतून करंट वाहतो तेव्हा तिच्या भोवती ते क्षेत्र असतं, दिसत नाही, वास येत नाही, अंगाला कळत नाही. सगळी छावणी गोळा झाली. तो आमच्या दावणीपाशी उभा राहिला, आकडा बघितला. मग पावलं मोजत लांब जात गेला आणि दर थोड्या पावलांनी आकडा वाचून दाखवत गेला. आकडा उतरत गेला. माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडं. पुढं तो सरळ संस्थेच्या कडबाकुट्टीपाशी गेला, मोटार चालू करायला लावली आणि यंत्र तिच्या अंगाला धरलं. आकडा आमच्या दावणीच्या आकड्याच्या कितीतरी वर गेला.

"बघा," तो म्हणाला, "इथं तुम्ही रोज उभे राहता, त्याची भीती नाही वाटत कुणाला?" लोक हसले. मी नाही हसले. मी म्हणाले, "भावजी, मोटारीपाशी मी घडीभर उभी ऱ्हाते. तारेखाली निजते."

त्याचं हसू गेलं. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. मग आम्हा दोघींना बाजूला घेऊन नीट सांगितलं. मुंग्या वेगळ्या आणि हे क्षेत्र वेगळं. मुंग्या येतात त्या सावलीच्या तारेत, कारण ती लांबलचक तार उंच लाईनच्या खालून गेली आहे आणि कोरड्या लाकडावर आहे; तिच्यात वीज भरते आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट करून दिली की मुंग्या संपल्या. राहिलं चुंबकी क्षेत्र. ते जाळीनं अडत नाही, भिंतीनं अडत नाही. लांब गेलं की कमी होतं, एवढंच. आणि इथं जे आहे ते माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या खूप खाली आहे. ह्यानं मूल पडतं असं कुणी पक्कं दाखवलेलं नाही.

"मंग तुमची लेक असती पोटुशी," मी विचारलं, "तर निजवली असती का हितं?"

त्यानं यंत्र बंद करून खिशात घातलं.  मग म्हणाला, "खरं सांगू वहिनी? थोडं लांब निजवलं असतं. भीतीनं नाही. फुकटात होतं म्हणून."

"फुकटात?" माझा पारा चढला. "तितनं पाणी कोण वाहणार, तुमी येणार का अंबाजोगाईवरनं?"  शिकलेला माणूस, पण घागरीचं वजन त्याच्या हिशेबात नव्हतं.

त्या दिवशी त्यानं स्वतः अर्थिंग केलं. मेढीपासून चार पावलांवर खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, मधी लोखंडी सळई. सळईपासून एक तार काढून मेढीवरून वर नेली आणि सावलीच्या तारेला पीळ मारून जोडली. पिळावर निळी चिकटपट्टी गुंडाळली. टेस्टर लावून दाखवला: आधी पेटत होता, आता विझला. मी भीत भीत बोट लावलं. मुंग्या नव्हत्या. जाताना तो आत्याबाईला म्हणाला, "मावशी, अधनंमधनं तांब्याभर पाणी घालत जा खड्ड्यात. माती ओली असली की बरं." आमच्याकडं डीपीच्या अर्थिंगला पाणी घालतातच, त्यामुळं आत्याबाईला ते लगेच पटलं. दोरा नको म्हणणाऱ्या बाईला करायला एक काम मिळालं.

पण मला झोप लागेना. "थोडं लांब निजवलं असतं" हे वाक्य डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी आत्याबाईच म्हणाली, "तू जा खदानीकडं. दावण मी धरते. हजेरीला मी दिसले म्हंजी झालं. पाणी मी आणून देईन, तू घागर उचलायची न्हाई. नुसतं दूध काढायला येत जा."

मी निघाले, तेसुद्धा तणतणत. खदानीपाशी एकच करंजाचं झाड, त्याच्याखाली पोत्यांचा आडोसा करायचा होता, आणि तो बांधायला तार नव्हती. मी आमच्या मेढीला गुंडाळलेल्या चार-पाच तारा सोडून घेतल्या. पोती बांधायला म्हणून मीच तिथं गुंडाळल्या होत्या. भराभरा पीळ सोडले, भेंडोळं केलं, काखेत मारलं आणि चालू लागले. मागं वळून बघितलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी दूध काढायला आले, मेढीचा आधार घेत वर तारेला हात लावला, आणि मुंग्या! आधीपेक्षा जास्त. हातातली चरवी सांडली. सातवा लागला होता त्या दिवशी. मी खड्ड्याकडं बघितलं. माती वरून सुकलेली. मग मी आत्याबाईवर अशी ओरडले की शेजारच्या दावणीची माणसं उठून उभी राहिली. "एक काम सांगितलं व्हतं, तेबी न्हाई झालं तुमच्याच्यानं? खड्डा कोरडा पडलाय! पहिलं गेलं, आता ह्येबी जाऊ द्यायचंय का? माज्या लेकराचं काय झालं तर ते तुमच्या माथी!"

आत्याबाई भांडणात कधी हरलेली नव्हती. त्या दिवशी तिनं नुसता तांब्या घेतला आणि खड्ड्यात ओतला. परत भरून आणला, परत ओतला. मी दूध न काढता तशीच निघून गेले.

मग उन्हाळा डोक्यावर आला. दुपारी पाखरूसुद्धा उडत नव्हतं. टँकर एक दिवसाआड यायला लागला, मग दोन दिवसांआड. हौदातलं पाणी संस्थेनं मोजून द्यायला सुरुवात केली: जनावरांचं वेगळं, आणि माणसांना दावणीमागं रोज एक घागर. आत्याबाई सकाळी अर्ध्याहून जास्त घागर मला खदानीपाशी आणून द्यायची. मी विचारायची, "तुमाला हाय का?" ती म्हणायची, "मी हौदापाशी हाय, मला काय तोटा?" मला ते खरं वाटलं. हौदाजवळची जागा मीच तर भांडून घेतली होती, तिथं पाण्याला तोटा नाही म्हणून. मोजून मिळणाऱ्या पाण्याला जवळ काय आणि लांब काय, हे कळायला अक्कल लागत नव्हती. पण मी त्या दिवसांत फक्त पोटातल्या हालचाली मोजत होते.

आणि एक गोष्ट मी बघत होते. दूध काढायला आले की आधी खड्डा बघायची. ओला असायचा. मुंग्या मात्र येतच होत्या, म्हणून मी तारेला हात लावायचं सोडून दिलं होतं. आत्याबाई म्हणायची, "लई कोरडी जमीन हाय गं, कितीबी पाजलं तरी पिती."

टँकर सलग तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी शेजारीण पळत खदानीपाशी आली. "चल लवकर, म्हातारी पडलीय."

मी पळाले. आठवा जवळ आलेला, पोट दोन्ही हातांनी धरून, त्या उन्हात. दावणीपाशी आत्याबाई म्हशीच्या सावलीत आडवी होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. ओठ फुटलेले. घागर पालथी. तांब्या पालथा. आणि खड्ड्याची माती काळीशार, ओली, नुकती पाणी घातल्यासारखी.

मला बघून तिनं बोट उचललं. "बग," ती म्हणाली, "ओला हाय. बोलू नगं आता."

मी रडले नाही. मला राग आला. इतका राग आयुष्यात कधी आला नाही, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. "अवो, तुमी काय प्यालात?" मी ओरडले. शेजारीण हळूच म्हणाली, "दोन दिस झाले, तिच्या वाटणीचं ती खड्ड्यालाच घालतीय. मी म्हनलं तर म्हणती, नातवाचा परश्न हाय."

दुधाच्या गाडीत घालून तिला अंबाजोगाईला नेलं. ट्यूब पेटवणारा तोच ड्रायव्हर. त्यानं गाडी पळवली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, अंगातलं पाणी पार आटलंय, मूत्रपिंडं काम करत नाहीत, बघू. ते "बघू" आठ दिवस चाललं. मी व्हरांड्यात बसून. पोटातलं मूल चांगलं लाथा मारत होतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त आत्याबाईची लघवी किती झाली ते ऐकायचं असायचं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं. तेव्हा भावजी मला स्कूटरवर नाही, एसटीनं छावणीत घेऊन गेले. मालक परत आले होते, दावण त्यांनी धरली होती. मला खदानीपासचं सामान आवरायचं होतं. भावजी सहज अर्थिंग बघायला वाकले. सळई होती. खड्डा आता कोरडा. ते म्हणाले, "तार कुठं गेली?"

"कंची तार?"

"सळईपासून वर जाणारी. इथं मेढीवर होती ना. ती नसेल तर ह्या खड्ड्याचा काही उपयोगच नाही."

 मी खदानीकडं चालायला लागले, ते मागून आले. करंजाच्या फांदीला माझी पोती तारेनं बांधलेली होती. एका तारेच्या टोकाला निळी चिकटपट्टी होती.

भावजींनी ती बघितली. मीही बघितली. त्यांनी तोंड फिरवलं आणि पोती गोळा करायला लागले. मग एवढंच म्हणाले, "तांब्याभर म्हणालो होतो मी, तोही अधनंमधनं. घागरी नव्हत्या लागत, वहिनी."

मुलगी झाली, दिवस पुरे भरून, अंबाजोगाईलाच. रडली ती अशी की नर्स म्हणाली, आवाज आईवर गेलाय. आत्याबाई भिंतीला धरत धरत वॉर्डात आली, पोरीला मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली, "हिला मी घागरीनं वाचवलीय." ते वाक्य ती पुढं सतरा वर्षं बोलत राहिली. बारशाला, पाहुण्यांत, शाळेत पोरीचा नंबर आला तेव्हा, एसटीत अनोळखी बायांजवळसुद्धा. पोरगी वैतागायची. मी दुसरीकडं बघायची. मुंग्या येऊ लागल्या होत्या माझ्या हातानं, कोरड्या मातीला पाणी पाजलं होतं माझ्या जिभेनं, हे मला ठाऊक होतं आणि भावजींना ठाऊक होतं. ते कधी बोलले नाहीत. मला बोलायचं धाडस झालं नाही. एवढी भांडकुदळ बाई मी, पण ह्या एका गोष्टीपुढं वाचा जायची.

त्या उन्हात आत्याबाईची मूत्रपिंडं अधू झाली ती झालीच. वर्षं काढली तिनं पथ्यावर, मग पाय सुजायला लागले, मग आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागलं. पोरीच्या शिक्षणासाठी आम्ही अंबाजोगाईला दोन खोल्या केल्याच होत्या, तिथं तिला आणलं. डॉक्टरांनी तिचं पाणी नेमून दिलं: दिवसाला एक छोटी बाटली, घोट घोट करून पुरवायची. मी ती सकाळी भरून फळीवर ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पोरगी कॉलेजात गेलेली, आम्ही दोघीच. आत्याबाई मशीनवरून आल्यावर थकून पडली होती. शेजारची एक बाई भेटून गेली होती आणि आत्याबाईनं तिला घागरीची गोष्ट सांगितली होती. दार लावून मी आत आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आत्याबाई, ती तार मी नेली व्हती."

"कंची तार?"

"अर्थिंगची. खदानीकडं जाताना पोती बांधायला नेली. खड्डा कशालाच जोडल्याला न्हवता. मी तुमाला बोलले, तवाबी न्हवता. तुमी घालत व्हत्या ते पाणी नुसत्या मातीला घालत व्हत्या."

ती छताच्या पंख्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता शिवी देईल, आणि मला ती पाहिजे होती.

"तरीच," ती म्हणाली, "मुंग्या जात न्हवत्या."

मी तिचे सुजलेले पाय धरले.  ती म्हणाली, "मंग पोरगी कशानं वाचली गं?"

खरं उत्तर भावजींनी तेव्हाच दिलं होतं, यंत्र हातात धरून: पोरीला बहुतेक काही होणारच नव्हतं. ते माझ्यानं तिच्या तोंडावर म्हणवलं नाही. मी म्हणाले, "तुमच्यामुळंच की, आत्याबाई."

"खोटं तुला जमत न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. मग जीभ ओठांवरून फिरवली. "जरा पाणी दे बाय, घसा सुकलाय."

मी फळीकडं बघितलं. शेजारची बाई आली तेव्हा बोलता बोलता आत्याबाईनं दोन घोट जास्त घेतले होते. बाटली रिकामी होती.

"आजचं संपलं, आत्याबाई."

"बरं," ती म्हणाली. "मंग उद्या दे."